फोनमधली जागा मोकळी करताना: आधी मोजणी, मग प्रत, शेवटी पुसणे

प्रश्न थोडक्यात असा आहे: १२८ जीबीचा अँड्रॉइड फोन तीन वर्षांपासून वापरात आहे, त्यात ॲप्स मोजकीच आहेत, तरीही स्टोरेज भरत आल्याची सूचना रोज येते. गॅलरीतले दोनेक हजार फोटो पुसून पाहिले, पण आकडा जागचा हलला नाही. आता एखादे क्लीनर ॲप घ्यावे का, आणि आठवणीचे फोटो न गमावता जागा कशी मोकळी करावी?

फोनची दुरुस्ती आणि गेलेला डेटा परत मिळवून देणे हे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. हरवलेले फोटो शोधून द्या म्हणून जे लोक माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी अनेकांचे फोटो फोन बिघडल्यामुळे गेलेले नसतात. जागा करण्याच्या घाईत ते त्यांच्याच हातून पुसले गेलेले असतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत आटोपावे असे मला वाटत नाही. कोणते बटण दाबायचे हे सांगणे सोपे आहे; पण ते कोणत्या क्रमाने दाबायचे आणि त्याआधी काय पाहून घ्यायचे, हे समजून घेतले नाही तर मोकळी झालेली जागा महागात पडते.

पुसलेल्या फोटोंनी आकडा का हलला नाही, याचे कारण बहुधा अगदी साधे असते. गॅलरीतून डिलीट केलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही, तो कचरापेटीत जाऊन पडतो आणि तिथे आधीइतकीच जागा अडवून बसतो. बहुतेक गॅलरी ॲप्समध्ये ही मुदत ३० दिवसांची असते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फोटोंसाठी ती ६० दिवसांची आहे, आणि आयफोनमध्ये ‘नुकतेच डिलीट केलेले’ या अल्बममध्ये फोटो ३० दिवस राहतात. फाइल मॅनेजरची कचरापेटी पुन्हा वेगळी असते. तेव्हा आपले दोन हजार फोटो अजून फोनमध्येच असण्याची शक्यता मोठी आहे, आणि माझ्या मते ही चांगली बातमी आहे. ती पेटी आज रिकामी करू नका. आधी पुढचे वाचा. त्यातला एखादा फोटो परत हवासा वाटला, तर तो परत घेण्याची सोय अजून हातात आहे.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. फोनच्या कॅमेऱ्याचा एक फोटो सरासरी ३ एमबीचा धरला, तर दोन हजार फोटोंचे होतात ६ जीबी, म्हणजे १२८ जीबीच्या पाच टक्क्यांहूनही कमी. त्याउलट व्हिडिओचे गणित पाहावे. ॲपल आपल्या कॅमेरा सेटिंगमध्ये एक मिनिटाच्या चित्रणाला किती जागा लागते ते स्वतःच सांगते: १०८०पी (फुल एचडी), सेकंदाला ३० फ्रेम्सचा म्हणजे ३० चित्रांचा व्हिडिओ नव्या पद्धतीने साठवल्यास मिनिटाला सुमारे ६० एमबी, जुन्या पद्धतीने साठवल्यास १३० एमबी, ४के (त्याहून बरेच बारीक चित्र), ३० फ्रेम्सचा मिनिटाला १७० एमबी किंवा त्याहून थोडा जास्त, आणि ४के, ६० फ्रेम्सचा मिनिटाला ४०० एमबीच्या पुढे. अँड्रॉइड फोनमधले आकडे कंपनीगणिक बदलतात, पण ते साधारण याच घरात असतात. म्हणजे एखाद्या समारंभाचे दहा मिनिटांचे ४के, ६० फ्रेम्सचे चित्रण ४ जीबी खाते, आणि तेवढ्या जागेत तेराशेच्या वर फोटो मावतात. माणूस तासभर बसून एकेक फोटो निवडून पुसतो, आणि खिशात चुकून सुरू झालेला पंधरा मिनिटांचा काळोखाचा व्हिडिओ मात्र तसाच पडून राहतो. हे मी कित्येक फोनमध्ये पाहिले आहे. म्हणून सफाईची सुरुवात फोटोंपासून करू नये. ती सर्वात मोठ्या फायलींपासून करावी.

त्या मोठ्या फायली सापडतात कशा? सेटिंगमध्ये ‘स्टोरेज’ उघडले की प्रतिमा, व्हिडिओ, ऑडिओ, कागदपत्रे, ॲप्स आणि सिस्टिम असे भाग पाडून प्रत्येकाचा आकडा दिलेला असतो. हे आकडे कागदावर उतरवून घ्यावेत, असा माझा आग्रह असतो. पुसायला लागल्यावर आधी किती होते याचा विसर पडतो आणि कोणत्या उपायाने किती जागा मिळाली हे कळेनासे होते. त्यानंतर फोनमध्ये आधीच असलेल्या फाइल मॅनेजरमध्ये, किंवा गूगलच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये, फायली आकारानुसार उतरत्या क्रमाने लावून पाहाव्यात. पहिल्या पन्नास फायलींतच निम्म्याहून अधिक काम होते, असा माझा अनुभव आहे.

हिशेबातली आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यामुळे लोक उगाच अस्वस्थ होतात. खोक्यावर लिहिलेले १२८ जीबी हे दशमान पद्धतीचे असतात, म्हणजे १२८ अब्ज बाइट. तीच जागा १०२४ च्या पटीत मोजली तर सुमारे ११९ भरते, आणि काही फोन किंवा संगणक हाच आकडा दाखवतात. त्यातून कार्यप्रणाली आणि कंपनीने भरलेली ॲप्स आपला वाटा घेतात. हा वाटा पुसता येत नाही आणि पुसण्याचा प्रयत्नही करू नये. सेटिंगमध्ये ‘रॅम प्लस’, ‘व्हर्च्युअल रॅम’ किंवा ‘मेमरी एक्स्टेन्शन’ अशा नावाची सोय आहे का, एवढे मात्र पाहावे. ती सुरू असली की फोन साठवणुकीतली काही जीबी जागा रॅमच्या, म्हणजे चालू ॲप्स वापरतात त्या तात्पुरत्या स्मृतीच्या, मदतीसाठी बाजूला काढून ठेवतो. जागेची चणचण असलेल्या फोनवर ती बंद केलेली किंवा कमीतकमी आकड्यावर ठेवलेली बरी. एकदा फोन बंद करून सुरू केला की ती जागा परत मिळते.

आता व्हॉट्सॲपकडे वळू, कारण ‘ॲप्स मोजकीच आहेत’ असे म्हणणाऱ्यांच्या फोनमध्ये बहुतेक वेळा गोम इथेच असते. ॲपचा स्वतःचा आकार लहान असतो. ग्रुपमधून येत राहिलेले व्हिडिओ, शुभेच्छांची चित्रे, तीच तीच पीडीएफ आणि आवाजी संदेश यांचा साठा मात्र वर्षानुवर्षे वाढत जातो. अँड्रॉइड ११ पासून हा साठा अंतर्गत साठवणुकीतल्या ‘अँड्रॉइड’ फोल्डरात, त्यातल्या ‘मीडिया’ फोल्डरात, पुढे ‘कॉम.व्हॉट्सॲप’ या नावाखाली ठेवला जातो. पूर्वी तो बाहेरच एका वेगळ्या फोल्डरात असे; जुना फोन वापरात असेल तर तो जुना फोल्डरही शिल्लक राहिलेला असू शकतो.

हे फोल्डर एकदा स्वतः उघडून पाहण्यासारखे आहे. ‘व्हॉट्सॲप व्हिडिओ’ या फोल्डराच्या आत ‘सेंट’ नावाचा आणखी एक फोल्डर असतो. आपण गॅलरीतला व्हिडिओ कोणाला पाठवला की पाठवण्यासाठी दाबून लहान केलेली त्याची एक प्रत या फोल्डरात जमा होते. मूळ व्हिडिओ कॅमेऱ्याच्या फोल्डरात असतोच. म्हणजे एकच दृश्य फोनमध्ये दोनदा. गंमत अशी, की ‘सेंट’ फोल्डरात एक रिकामी खुणेची फाइल ठेवलेली असते आणि ती पाहून गॅलरी त्या फोल्डराकडे फिरकतच नाही. त्यामुळे गॅलरीत कितीही शोधले तरी या प्रती दिसत नाहीत, आणि गॅलरीतून कितीही पुसले तरी त्या जात नाहीत. मूळ प्रत आपल्याकडे असल्याची खात्री करून ‘सेंट’मधल्या व्हिडिओंवर हात फिरवला की काही फोनमध्ये एका झटक्यात अनेक जीबी मोकळे होतात. त्यानंतर चॅटमध्ये ते व्हिडिओ उघडणार नाहीत, एवढीच त्याची किंमत असते.

फोल्डरात शिरण्याची सवय नसेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधून ‘स्टोरेज आणि डेटा’ आणि तिथून ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’ असे जावे. ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली, वारंवार फॉरवर्ड झालेल्या फायली आणि त्याखाली प्रत्येक चॅटने अडवलेली जागा, अशी नीट मांडणी तिथे मिळते. यादीच्या वरच्या टोकाला बहुधा दोन-तीन मोठे ग्रुप असतात. तिथून पुसताना मात्र एक भान ठेवावे, की घरच्या माणसांच्या चॅटमध्ये आलेले फोटो अनेकदा आपल्याकडे दुसरीकडे कुठेच नसतात. लहान मुलाचा पहिला चालतानाचा व्हिडिओ आजीला व्हॉट्सॲपवरच आलेला असतो. तिच्यासाठी तीच मूळ प्रत असते. त्यामुळे ग्रुपची चॅट मोकळी करताना हात सैल सोडायला हरकत नाही, पण माणसांच्या चॅट स्वतः पाहूनच हलवाव्यात.

त्याच ठिकाणी ‘डेटाबेसेस’ नावाचा फोल्डर दिसेल. व्हॉट्सॲप तिथे गेल्या सुमारे सात दिवसांचे स्थानिक बॅकअप ठेवते आणि जुने स्वतःच काढून टाकते. मोठ्या फायली पाहून मोह होतो, पण या फोल्डराला हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ऑनलाइन बॅकअप नसताना फोन अडखळला, तर आपले सगळे संभाषण परत मिळण्याचा तोच एक आधार असतो.

पुढचा साठा होऊ नये म्हणून ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’मध्ये व्हिडिओ आणि कागदपत्रे आपोआप उतरणे बंद करावे, वायफायवरही. जे पाहायचे आहे ते बोट लावून उतरवता येतेच. नको असलेल्या ग्रुपमध्ये संदेश ठराविक मुदतीनंतर नाहीसे होण्याची सोय आहे, ती २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर ठेवता येते. टेलिग्रामची रीत उलटी आहे. त्याची नेहमीची संभाषणे आणि फायली त्याच्या सर्व्हरवर राहतात, फोनमध्ये असते ती केवळ पाहण्यासाठी उतरवलेली प्रत. त्यामुळे त्याच्या सेटिंगमधून ही कॅश पुसली तर चॅट जात नाही, आणि हवी ती फाइल पुन्हा उतरवता येते. मी कित्येकांच्या फोनमध्ये टेलिग्रामने १०-१५ जीबी अडवलेले पाहिले आहेत, आणि ते मोकळे करायला मिनिटही लागले नाही.

कॅश या शब्दाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे होणारी एक चूक फार दुखावणारी असते. ॲपच्या माहितीत ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ अशी दोन बटणे शेजारी शेजारी असतात. पहिल्याने जाते ती ॲपने वेग वाढवण्यासाठी तात्पुरती ठेवलेली माहिती, आणि ती गेल्याने नुकसान होत नाही. दुसऱ्याने ॲप नव्याने बसवल्यासारखे कोरे होते: लॉगिन जाते, सेटिंग जाते, आणि ज्या ॲपने आपल्या नोंदी फोनमध्येच ठेवल्या असतील त्याच्या त्या नोंदीही जातात. टिपणे, हिशेब, औषधांच्या वेळा, दोन टप्प्यांच्या पडताळणीचे कोड असे काही ज्या ॲपमध्ये असेल तिथे दुसरे बटण दाबण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

बरे, कॅश पुसण्याचाही फार फायदा नाही. ॲप पुन्हा वापरले की ती पुन्हा भरते, आणि ती नव्याने उतरवण्यात इंटरनेट आणि बॅटरी दोन्ही खर्च होतात. अँड्रॉइड ८ आले २०१७ मध्ये; तेव्हापासून जागा कमी पडू लागली की जास्त फुगलेल्या ॲप्सची कॅश कार्यप्रणालीच आधी काढते. एखाद्या ॲपची कॅश काही जीबींवर गेली असेल तर ती जरूर पुसावी, पण दर आठवड्याला सगळ्या ॲप्सची कॅश पुसत बसण्यात अर्थ नाही.

यातूनच क्लीनर ॲपचे उत्तर निघते: घेऊ नका. फोनमध्ये आधीच असलेल्या साधनांपलीकडे या ॲप्सना फारसे काही करता येत नाही, आणि जे करता येते त्यासाठी ती सगळ्या फायली पाहण्याची परवानगी मागतात. आपले फोटो, ओळखपत्रांच्या प्रती, बँकेची कागदपत्रे एका अनोळखी ॲपसमोर उघडी करून त्याच्या बदल्यात २०० एमबी कॅश पुसून घेणे हा सौदा मला मान्य नाही. शिवाय ‘फोन बूस्ट केला’ असे सांगताना ही ॲप्स बहुतेक वेळा रॅम मोकळी करतात, आणि रॅमचा साठवणुकीच्या जागेशी संबंध नाही. बंद केलेली ॲप्स पुन्हा उघडताना फोनला उलट जास्त काम पडते.

आता फोटोंकडे येतो. इथे मला सर्वात जास्त काळजी वाटते, आणि ती का, हे एका प्रसंगावरून सांगतो. एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. त्यांनी गूगल फोटोजचा बॅकअप सुरू केला, सगळे फोटो वर, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवर, गेल्याची खूण पाहिली, आणि आता फोनमध्ये ते ठेवण्याचे कारण नाही असे समजून त्याच ॲपमध्ये सगळे निवडून डिलीट केले. जागा मोकळी झाली. पुढे काही आठवड्यांनी मुलीचे जुने फोटो दाखवायला त्यांनी ॲप उघडले, तर ते रिकामे. त्यांची समजूत अशी होती, की फोनमधले फोटो आणि वरचे फोटो हे दोन वेगळे संच आहेत. प्रत्यक्षात बॅकअप सुरू असताना त्या ॲपमध्ये दिसतो तो एकच फोटो असतो, आणि तिथे डिलीट म्हणजे दोन्हीकडून डिलीट. त्या आल्या तेव्हा पुसल्याला ५२ दिवस झाले होते. कचरापेटी उघडली, सगळे फोटो तिथे होते, आणि प्रत्येकावर उरलेल्या दिवसांचा आकडा होता. दहा दिवस उशीर झाला असता तर माझ्याकडे त्यांना देण्यासारखे काहीच नव्हते.

या कामासाठी योग्य बटण वेगळे आहे. गूगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ अशी सोय आहे. ती बॅकअप पूर्ण झालेल्या फोटोंची फोनमधली प्रतच काढते आणि वरची ठेवते. ते दाबण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, बॅकअप कोणत्या खात्यात जात आहे. एका फोनमध्ये दोन-तीन खाती असतात, आणि फोटो ज्या खात्यात गेले त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही, असे प्रसंग मी पाहिले आहेत. दुसरी, कोणत्या फोल्डरांचा बॅकअप होत आहे. कॅमेऱ्याचे फोटो आपोआप जातात. व्हॉट्सॲपचे, स्क्रीनशॉटचे आणि डाउनलोडचे फोल्डर आपण स्वतः सुरू करावे लागतात. तिसरी, खात्यात जागा आहे का. गूगलची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी संपली. तेव्हापासून वर जाणारे नवे फोटो खात्याच्या १५ जीबीमध्ये मोजले जातात. त्याच १५ जीबीत आपला ईमेलही असतो, ड्राइव्हही, आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही. ही जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि सूचना वाचली नाही तर तो थांबला आहे हे महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही.

याच कारणाने मी फक्त ऑनलाइन बॅकअपवर विसंबून राहत नाही. फोन केबलने संगणकाला जोडावा, जोडणीच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे, आणि कॅमेऱ्याचा फोल्डर संगणकावर कॉपी करावा. कट करून पेस्ट करू नये. फोन आणि संगणक यांच्यातली ही जोडणी मोठ्या फोल्डरावर मधेच तुटते, आणि कट केलेले असेल तर काय गेले, काय आले, याचा हिशेब लागत नाही. फायली खूप असतील तर महिन्या-महिन्याच्या तुकड्यांनी न्याव्यात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि एकूण आकार पडताळून पाहावा, आणि सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे काही फोटो व व्हिडिओ संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावेत; व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का तेही. मग तीच प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. अशा दोन ठिकाणी सुस्थितीत प्रती आहेत असे डोळ्यांनी पाहिल्यावरच फोनमधली प्रत पुसावी. कॉपी करताना फायलींवरची तारीख बदललेली दिसली तर घाबरू नये. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोची खरी तारीख फोटोच्या आतच नोंदलेली असते, आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावातच तो आल्याची तारीख वर्ष, महिना, दिवस अशी लिहिलेली असते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारले तर त्याचे कारण फोनच्या रचनेत आहे. आजच्या फोनमधला सगळा डेटा कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, असतो. फाइल कायमची पुसली की तिची जागा मोकळी झाल्याचा निरोप कार्यप्रणाली साठवणुकीच्या चिपला देते, आणि चिप सवडीने ती जागा खरोखर कोरी करते. जुन्या हार्ड डिस्कमधून पुसलेली फाइल परत काढता येत असे, तसे इथे होत नाही. ‘डिलीट झालेले फोटो परत मिळवा’ म्हणणारी ॲप्स जे दाखवतात ते बहुधा गॅलरीने यादीसाठी बनवलेले छोटे नमुने असतात. मोठे करून पाहिले की धूसर होतात. कचरापेटीची मुदत संपल्यावर कोणी अनुभवी माणूसही फार काही करू शकत नाही, हे मला लोकांना तोंडावर सांगावे लागते, आणि ते सांगणे मला नेहमी जड जाते.

मेमरी कार्डाची खाच फोनमध्ये असेल तर त्यावर गाणी, चित्रपट आणि एरवीही दुसरीकडे प्रत असलेले फोटो ठेवावेत. एकमेव प्रत कार्डावर ठेवू नये, कारण कार्ड पूर्वसूचना न देता बंद पडते. नवे कार्ड घेतल्यावर ते एकदा पूर्ण भरून, सगळ्या फायली उघडतात का ते पाहावे; लिहिलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी लहान असलेली बनावट कार्डे बाजारात मिळतात, आणि त्यांचा खोटेपणा अर्धे भरल्यावरच उघड होतो. ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ कार्डावर जातच नसेल तर ते जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले आहे असे समजावे. ॲप्स कार्डावर हलवण्याच्या फंदात पडू नये; ती मंद होतात आणि अडखळतात.

बाकी जागा थोड्या वेळात पाहून होण्यासारख्या आहेत. डाउनलोड फोल्डरात एकच कागद कंसातल्या आकड्यांसह चार वेळा उतरवलेला असतो. कॉल रेकॉर्डिंग आपोआप सुरू असेल तर वर्षभराचे संभाषण साठलेले असते. नकाशांचे ऑफलाइन भाग, चित्रपट आणि पॉडकास्टची ॲपच्या आत उतरवलेली प्रकरणे गॅलरीत किंवा फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाहीत, ती त्या त्या ॲपमध्ये जाऊनच काढावी लागतात. एकाच ॲपची दुसरी प्रत चालवण्याची सोय किंवा सुरक्षित फोल्डर वापरत असाल, तर त्यांचा साठा वेगळा असतो हेही ध्यानात ठेवावे. क्वचित लागणाऱ्या ॲपसाठी अँड्रॉइडमध्ये आता ‘आर्काइव्ह’ची सोय आहे, ॲप जाते, पण त्यातली आपली माहिती राहते.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी तत्त्व तेच, नावे वेगळी. सेटिंगमधल्या ‘जनरल’मध्ये ‘आयफोन स्टोरेज’ उघडावे. ‘ऑफलोड’ म्हणजे ॲप काढून माहिती ठेवणे. ही सोय २०१७ च्या आयओएस ११ पासून आहे. आयक्लाउड फोटोजमध्येही एका ठिकाणी पुसलेला फोटो सगळ्या उपकरणांवरून जातो, म्हणून तिथे पुसण्याऐवजी ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ सुरू करावे; मूळ फोटो वर राहतात आणि फोनमध्ये लहान प्रती राहतात. कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ निवडल्यास फोटो आणि व्हिडिओ सुमारे निम्म्या जागेत मावतात. आयओएस १६ पासून फोटोजमध्ये दुहेरी फोटोंचा वेगळा अल्बमही मिळतो.

किती जागा मोकळी ठेवावी, असे मला नेहमी विचारले जाते. माझा आकडा १० ते १५ टक्के, म्हणजे १२८ जीबीच्या फोनमध्ये पंधराएक जीबी. फोनमधल्या फ्लॅश चिपवर माहिती लहान लहान पानांत लिहिली जाते, पण पुसली जाते ती अशा अनेक पानांच्या मोठ्या गठ्ठ्याने. मोकळे गठ्ठे शिल्लक असले की नवी माहिती सरळ लिहिता येते. ते संपले की चिपला आधी एखाद्या गठ्ठ्यातली कामाची पाने उचलून दुसरीकडे ठेवावी लागतात, तो गठ्ठा कोरा करावा लागतो, आणि मगच नवे लिहिता येते. भरलेला फोन टाइप करताना थबकतो, कॅमेरा फोटो काढून विचारात पडतो, ते यामुळे. पूर्ण भरलेल्या फोनमध्ये याहून वाईटही होते: ॲप आपल्या माहितीच्या फायलीत बदल लिहीत असताना जागा संपते आणि ते पुढे उघडतच नाही. कार्यप्रणालीचे सुरक्षा अपडेटही जागेअभावी अडून बसते. स्टोरेज भरल्याची सूचना येते तेव्हा आधीच उशीर झालेला असतो, म्हणून तिची वाट न पाहता महिन्यातून एकदा आकडा पाहावा.

हे सगळे करूनही ‘सिस्टिम’ किंवा ‘इतर’ या नावाखालचा आकडा अवास्तव मोठा राहिला, तर आधी फोन बंद करून सुरू करावा आणि प्रलंबित अपडेट पूर्ण होऊ द्यावे. अर्धवट राहिलेल्या अपडेटच्या फायली अनेकदा इथेच दडलेल्या असतात. त्यानेही भागले नाही तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा करणे, हा शेवटचा उपाय आहे. तो करण्याच्या दिवशी व्हॉट्सॲपचा बॅकअप नव्याने घ्यावा, पडताळणीचे कोड देणारे ॲप दुसऱ्या फोनवर आधी हलवावे, टिपणे आणि रेकॉर्डिंग वेगळी काढावीत, आणि फोनशी जोडलेल्या गूगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावर प्रत्यक्ष टाकून तो चालतो का ते पाहावे. रीसेटनंतर फोन सर्वात आधी तोच पासवर्ड मागू शकतो, आणि तो नसला तर आपलाच फोन आपल्याला आत घेत नाही.